खाटेखालची बॅग

या अंकात एका विद्यार्थ्याचं चार पानांचं टिपण छापलं आहे. कवितांच्या आधी, मोर्चाच्या बातमीच्याही आधी. त्यावरून आमच्यातच जुंपली. दोन रविवार विहाराच्या ओट्यावर आवाज चढले. एक जण चहा अर्धा टाकून उठून गेला. म्हणून या वेळचं संपादकीय त्या भांडणालाच देतो आहोत.

टिपण आहे एका अमेरिकन कादंबरीवर. ‘द कॅचर इन द राय’. लेखक जे. डी. सॅलिंजर, छापली १९५१ साली. जगभर लाखोंनी खपली. आमचा हा दोस्त कुर्ल्याचाच, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. पुस्तक त्याला रद्दीवाल्याकडे मिळालं, वजनावर, मागचं कव्हर फाटलेलं. एका हातात मोबाईलमधली डिक्शनरी, दुसऱ्या हातात पुस्तक. हार्बरच्या गाडीत उभ्याउभ्या दोन महिन्यांत त्यानं ते संपवलं. मग वहीची चार पानं काढून जे वाटलं ते लिहिलं आणि अभ्यासवर्गात वाचून दाखवलं.

वाचून झाल्यावर आमचा एक जुना कार्यकर्ता म्हणाला, “वस्तीत पाणी दोन तास येतं, शिष्यवृत्ती वर्ष संपलं तरी जमा होत नाही, आणि तू गोऱ्या वकिलाच्या पोराचं रडगाणं वाचत बसलास? हे सगळं बुर्ज्वा आहे, बुर्ज्वा.”

हा शब्द ध्यानात ठेवा दोस्तांनो. पुढे कामाला येणार आहे.

आधी गोष्ट सांगतो. होल्डन कॉलफिल्ड सोळा वर्षांचा. बाप न्यूयॉर्कात बड्या कंपन्यांचा वकील. आजी इतकी विसराळू, की वर्षातून चारदा वाढदिवसाचे पैसे पाठवते. पेन्सी नावाच्या बोर्डिंग शाळेतून याला काढून टाकलंय. पाच विषयांपैकी चारांत नापास, फक्त इंग्रजीत पास. याआधीच्या शाळाही अशाच सुटल्या. नाताळच्या सुट्टीला अजून काही दिवस आहेत, घरी तोंड दाखवायची हिंमत नाही. म्हणून हा रातोरात शाळा सोडतो, न्यूयॉर्कला जातो, हॉटेलात खोली घेतो आणि दोनतीन दिवस एकटा भटकतो. दारू पितो, ओळखीच्यांना फोन लावतो, मार खातो, रडतो. भेटेल तो माणूस त्याला ढोंगी वाटतो. शेवटी धाकटी बहीण फीबी त्याला थांबवते. बस्स. एवढीच गोष्ट.

आमच्या दोस्तानं टिपणात सरळ लिहिलंय, की पहिल्या वीस पानांत या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. साल्या, तुला शाळेतून काढलं तर दुसरी शाळा तयार. आमच्यातला नववीत गळला की सरळ गॅरेजमध्ये, नाहीतर कॅटरिंगच्या भांड्यांवर. तू कशाला रडतोस?

हे त्याचं पहिलं मत. आम्हा सगळ्यांचं झालं असतं तेच. तिथंच थांबला असता तर टिपण छापायचं कारण नव्हतं. तो थांबला नाही.

कादंबरीच्या मध्यावर एक छोटा प्रसंग आहे. टीकाकार त्यावरून पटकन पुढे जात असतील. आमच्या दोस्ताचं बोट तिथंच अडकलं. होल्डन आधीच्या एका शाळेत असताना त्याच्या खोलीत डिक स्लॅगल नावाचा पोरगा होता. त्याच्या बॅगा स्वस्तातल्या. होल्डनच्या बॅगा भारी कंपनीच्या, अस्सल गाईच्या कातड्याच्या. तर हा स्लॅगल आपल्या बॅगा फळीवर ठेवायचा नाही, खाटेखाली सारायचा. होल्डनच्या शेजारी दिसायला नकोत. होल्डनला वाईट वाटलं. त्यानंही आपल्या बॅगा खाटेखाली टाकल्या, म्हणजे दोघं सारखे. दुसऱ्या दिवशी बघतो तर स्लॅगलनं होल्डनच्या बॅगा काढून पुन्हा फळीवर मांडलेल्या. का? तर येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, त्या स्लॅगलच्याच आहेत.

आणि हाच स्लॅगल दिवसभर होल्डनच्या प्रत्येक वस्तूला नाक मुरडायचा. बॅगा बुर्ज्वा, फाऊंटनपेन बुर्ज्वा. पेन मात्र रोज मागून न्यायचा.

अभ्यासवर्गात हे वाचलं गेलं तेव्हा ओट्यावर हशा पिकला. ज्यानं ‘बुर्ज्वा’ म्हटलं होतं तोच चहा टाकून उठून गेला. पण हसण्यासारखं त्यात फार नव्हतं. आम्ही हसलो, कारण स्लॅगल आमच्या ओळखीचा निघाला. अमेरिकेतल्या श्रीमंत शाळेत आमचा माणूस सापडला. खाटेखाली.

त्या गाईच्या कातड्याचंही बघा. आमच्या बापजाद्यांनी मेलेलं ढोर ओढलं, सोललं, त्याचं कातडं कमावलं. महाडच्या परिषदेत, १९२७ च्या मार्चमध्ये, मेलेली ढोरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडा असं सांगितलं गेलं. २०१६ च्या जुलैत गुजरातेत उन्याजवळ मेलेली गाय सोलली म्हणून आमच्या पोरांना गाडीला बांधून फोडलं. तेच कातडं कमावून, शिवून, बक्कल लावून बॅग झालं की मालकाची इज्जत वाढवतं. सोलणारा बाटलेला, बॅगवाला खानदानी. धारावीत कातड्याच्या बॅगा शिवणारे हात आणि त्या बॅगा खांद्याला लावून विमानात चढणारे खांदे यांची गाठ कधी पडत नाही.

आता टिपणाचं शेवटचं पान. तिथं कादंबरी संपते आणि हा पोरगा सुरू होतो. जपून वाचा.

तो लिहितो, की कॉलेजात पहिल्याच आठवड्यात एकानं विचारलं, “तू फी किती भरलीस?” साधा प्रश्न. पण आमच्या पोरांना ठाऊक आहे त्यात काय लपलेलं असतं. आकडा सांगितला की जात कळते. यानं नोटीस बोर्डावरचा ओपनचा आकडा पाठ करून ठेवला होता, तो सांगितला. शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी रांगेत उभं राहायचं होतं, त्या दिवशी टोपी घालून गेला. कुठं राहतोस विचारलं तर चेंबूर म्हणाला. एकदा मित्रांनी रिक्षातून सोडायचा हट्ट केला. यानं नेहरूनगरात एका बऱ्याशा इमारतीच्या गेटासमोर रिक्षा थांबवली. हात केला. रिक्षा वळेपर्यंत गेटापाशी उभा राहिला. वॉचमननं विचारलं, “किससे मिलना है?” काही न बोलता वळला आणि नाल्याकाठानं चालत घरी आला.

तो लिहितो, “त्या दिवशी मी माझी बॅग खाटेखाली सारली, आणि दुसऱ्याची फळीवर लावली.”

दोस्तांनो, हे वाक्य त्याच्याकडून यायला एक अमेरिकन कादंबरी लागली. आमचे मोर्चे, आमची पत्रकं, आमच्या घोषणा यांच्यात तो तीन वर्षं आहे. एकदाही बोलला नव्हता. आम्ही विचारलंही नव्हतं. लाज वाटायची ती आम्हाला वाटायला पाहिजे.

ही चोरी नवी नाही. १९१७ साल घ्या. बाबासाहेब तेव्हा सव्वीस वर्षांचे. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कात होते, कोलंबिया विद्यापीठात. ज्या शहरात होल्डन भटकतो तेच शहर. तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी पोट मारून पुस्तकं घेतली. मग लंडन. परत येऊन बडोदा सरकारच्या नोकरीवर रुजू झाले, तर राहायला जागा मिळेना. हिंदू हॉटेल घेणार नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे, चालता हो म्हणून. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही गोष्ट मनातून पुसली गेली होती, ती बडोद्याच्या स्टेशनावर पुन्हा उभी राहिली. मुंबईच्या गाडीची वाट बघत ते बडोद्याच्या बागेत तासन्‌तास बसून राहिले, डोळ्यांत पाणी.

बाबांना नाव लपवावं लागलं, हे सांगायला कुणाची जीभ अडखळते? आमची नाही. कारण त्यांनी ते लपवलेलं नाव पुढे उघड्यावर मांडलं. लपवणं ही त्यांची लाज नव्हती, लपवायला लावणाऱ्याची होती. नेता कुणाला म्हणायचं ते यावरून ठरवा.

आणि १९६३. मराठीत त्या साली दोन पुस्तकं आली. एक भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’. दुसरं बाबूराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’. ‘कोसला’चं नाव काढलं की विद्यापीठातला माणूस सॅलिंजरचं नाव काढतो. दोन्हींत अर्धवट वयाचा पोरगा आहे, दोन्हींत शिक्षण वाया जातं, दोन्हींत भावंडाचं मरण आहे. होल्डनचा धाकटा भाऊ ॲली रक्ताच्या कर्करोगानं जातो. त्याच्या बेसबॉलच्या हातमोज्यावर हिरव्या शाईनं लिहिलेल्या कविता होल्डन जपून ठेवतो. पांडुरंग सांगवीकरची बहीण मनी मरते आणि तिच्या मरणानं तो आतून पोकळ होतो. ही दोन्ही दुःखं खरी आहेत. त्यांना नाक मुरडायचं आम्हाला कारण नाही. मेलेल्या भावंडाला जात नसते.

पण पांडुरंग खानदेशातून पुण्याला जातो तो बापाच्या पैशावर. पैसे उधळतो, परीक्षा घालवतो आणि शेवटी गावी परत येतो. गाव त्याला घेतं. घर आहे, शेत आहे, बाप शिव्या घालतो पण ताट वाढलेलं असतं. होल्डनलाही शेवटी घर आहे. बागुलांच्या माणसाला काय आहे? रेल्वेत नोकरी लागते, परगावी जातो, राहायला खोली पाहिजे म्हणून जात चोरतो. कळल्यावर मार खातो. त्याला परत जायला गाव नाही. गाव होतं तेव्हाही त्याचं घर गावकुसाबाहेरच होतं. एकाच सालच्या दोन पुस्तकांत हा फरक आहे. एकाला हरवायची चैन आहे. दुसऱ्यानं हरवायचं म्हटलं तरी लोक त्याला बरोबर हुडकून काढतात.

अमेरिकेतही तेच. सॅलिंजरच्या सहा वर्षं आधी, १९४५ साली, रिचर्ड राइटचं ‘ब्लॅक बॉय’ आलं. तोही पोरगा मोठा होतो त्याची गोष्ट. पण त्यात भूक आहे. मिसिसिपीतला हा काळा पोरगा मेम्फिस शहरात कामाला लागतो. तिथल्या वाचनालयात काळ्यांना पुस्तक मिळत नाही. मग तो कामावरच्या एका गोऱ्याचं कार्ड मागून घेतो, आणि त्या गोऱ्यानंच पाठवलंय अशी चिठ्ठी स्वतः लिहून वाचनालयात नेतो. स्वतःसाठी हवं असलेलं पुस्तक, पण नोकर म्हणून न्यायचं. जात चोरून वाचन. हे वाचताना आम्हाला मेम्फिस लांब वाटलं नाही.

होल्डन न्यूयॉर्कात सेंट्रल पार्कात जातो. तळं गोठल्यावर तिथली बदकं कुठं जातात, हा प्रश्न तो टॅक्सीवाल्यांना विचारत सुटतो. त्या पार्काची उत्तरेची कड संपली की हार्लेम सुरू होतं, काळ्यांची वस्ती. होल्डन तिकडे जात नाही. बदकांची काळजी आहे, शेजारच्या माणसांची आठवण नाही. हे आम्ही बोलणार. पुस्तक आवडलं म्हणून डोळे मिटायचे असं कुठं आहे? पण पुस्तकात एवढं नाही म्हणून जे आहे तेही फेकायचं, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीनं वेगळाच मुद्दा काढला. ती म्हणाली, “होल्डन तीन दिवस-रात्र एकटा शहरात फिरतो. मी कुर्ला स्टेशनवरून रात्री साडेनऊला घरी आले तर आई दारात आणि अर्धी गल्ली खिडकीत. हरवायचा हक्क तुम्हा पोरांना तरी अर्धा आहे, आम्हाला पाव पण नाही. आणि ती फीबी, दहा वर्षांची पोर, भावाबरोबर पळून जायला स्वतःची बॅग भरून येते. तिच्या बॅगेवर कुणीच लिहिलं नाही.” खरंय. बेबी कांबळे, ऊर्मिला पवार यांनी लिहिलं तेव्हा कुठं आमच्या घरातल्या बायांचं मोठं होणं कागदावर आलं. आमच्या या मासिकाच्या आजवरच्या अंकांत बायांचं लेखन किती? मोजलं. बोटं उरली.

आता सगळ्यात जड पान.

होल्डनच्या जुन्या शाळेत जेम्स कॅसल नावाचा एक किरकोळ अंगाचा पोरगा होता. एका घमेंडखोर मुलाला तो घमेंडखोर म्हणाला. ते खरंच होतं. सहासातजण त्याच्या खोलीत घुसले, दार लावून घेतलं, शब्द मागे घे म्हणून त्याला छळलं. त्यानं शब्द मागे घेतला नाही. खिडकीतून उडी टाकली. मेला तेव्हा त्याच्या अंगात स्वेटर होता, होल्डनकडून मागून घेतलेला. आणि त्या पोरांचं काय झालं? शाळेतून काढलं. तुरुंग नाही, काही नाही.

टिपणात या पानावर फक्त एक तारीख आहे. १७ जानेवारी २०१६. आणखी एक शब्द नाही.

आम्ही तो शब्द लिहितो. रोहित वेमुला. हैदराबाद विद्यापीठात पीएच.डी. करत होता. विज्ञानावर लिहिणारा लेखक व्हायचं होतं, कार्ल सेगनसारखा. त्याला आणि त्याच्या चार साथींना वसतिगृहातून काढलं. ते उघड्यावर तंबू टाकून राहिले. वसतिगृहातून काढलेल्या पोराची बॅग कुठल्या खाटेखाली असते? ती मोकळ्या आभाळाखाली असते. १७ जानेवारीला रोहितनं स्वतःला संपवलं.

याचं कौतुक आम्ही करणार नाही. मरणाला हौतात्म्याचा हार घालणं सोपं असतं, आणि तेवढ्यानं आमची सुटका होते. जगण्यात त्याच्या शेजारी कोण बसलं होतं, हा प्रश्न आहे. सॅलिंजरचा होल्डन कॅसलला नीट ओळखतही नव्हता. स्वेटर दिला, इतकंच. आम्ही आमच्या पोरांना टीशर्ट देतो, झेंडा देतो, घोषणा देतो. रात्री अकरा वाजता फोन उचलतो का? ज्याला कुणाला हे वाचताना छातीत दाटून येत असेल, त्यानं विहारात यावं, दार वाजवावं, वेळ बघू नये. मेलेला वाघ आम्हाला नको. जिता, नापास झालेला, रडणारा पोरगा पाहिजे.

होल्डनचं एक स्वप्न आहे. मोठं शेत, त्यात हजारो लहान पोरं खेळतायत, शेताच्या कडेला कडा. हा कड्यापाशी उभा राहणार आणि पडणाऱ्या पोरांना झेलणार. पुस्तकाचं नाव त्यावरूनच. आमच्या दोस्तानं त्यावर लिहिलं आहे, की आम्ही जन्मलोच कड्याच्या खाली. वरून पडणाऱ्याला झेलायला माणूस आहे, खालून चढणाऱ्याला हात द्यायला कोण आहे? हे वाक्य आम्ही विहाराच्या भिंतीवर लिहिणार आहोत. परवानगी त्याच्याकडून घेतली आहे.

आता चळवळीला दोन शब्द.

१९७२ च्या मे महिन्यात या मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव कुठून आलं? अमेरिकेतून. १९६६ साली ओकलंडमध्ये काळ्या तरुणांनी ब्लॅक पँथर काढली, त्यावरून. त्या पिढीनं हजारो मैलांवरचा काळा माणूस वाचला, समजून घेतला, म्हणून तिला ते नाव सुचलं. आणि आज आमचा पोरगा अमेरिकन पुस्तक हातात घेतो तर आम्ही त्याला विचारतो, हे आपलं आहे का? आपलं काय आणि परकं काय, ही यादी कुणी केली? शाळेत शिरताना, विहिरीवर जाताना, देवळाच्या पायरीवर हाच सवाल आम्हाला विचारला गेला होता. तोच सवाल आम्ही आमच्या पोराला विचारायला लागलो.

पुस्तक परकं नसतं. वाचणारा भित्रा असतो.

दुसरी गोष्ट. होल्डनला सगळे ढोंगी दिसतात. आम्हालाही दिसतात. बामणी व्यवस्था ढोंगी, कोर्टकचेरी ढोंगी, निवडणुकीला निळा फेटा बांधणारा पुढारी ढोंगी. बरोबर. पण होल्डन स्वतःही जागोजागी थापा मारतो, आणि ते कबूल करतो. आमच्या कवितेत ही कबुली कुठं आहे? ढसाळांच्या, ढाल्यांच्या, बागुलांच्या पिढीनं आग लावली. आम्ही त्या आगीचा फोटो भिंतीवर लावून ऊब घेतोय. दया पवारांनी १९७८ साली ‘बलुतं’मध्ये स्वतःची लाज स्वतःच्या हातानं उघडी केली, म्हणून ते पुस्तक जळजळीत आहे. आम्ही फक्त दुसऱ्याची उघडी करतो. स्वतःची बॅग खाटेखाली.

म्हणून इथं ‘आम्ही’ सोडतो आणि ‘मी’वर येतो.

मी दहावी पास. गोदीत काम करतो, ठेकेदाराकडे, पाळीवर. स्टेजवर चढलो की माझा आवाज चौकापर्यंत जातो, लोक शिट्या मारतात, व्हिडिओ काढतात. दोन वर्षांपूर्वी नव्या टोळीत घातलं तेव्हा मुकादमानं विचारलं, “पूरं नाव?” मी माझं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आणि थांबलो. आडनाव सांगितलं नाही. तो म्हणाला, “आणि पुढं?” मी म्हणालो, “एवढंच लिहा.” दुपारी डबे एकत्र सोडले. त्यांच्या भाजीत माझा हात गेला, माझ्या भाजीत त्यांचा. चव लागली नाही. कधी कळेल याच धास्तीत जेवलो. त्याच रात्री घरी येऊन विद्रोहाची कविता लिहिली. ती या मासिकात छापून आली. तुम्ही वाचली. खाली माझं आडनाव होतं.

हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. अठरा वर्षांच्या पोरानं आपलं पान वाचलं तेव्हा सांगता आलं. दुसऱ्या दिवशी डबा सोडताना टोळीला आडनाव सांगितलं. काय झालं? एक जण त्या दिवसापासून वेगळा बसतो. बाकीचे बसतात माझ्याबरोबर. वेगळा बसणारा तेव्हाही मनातून वेगळाच होता, आता दिसतो एवढंच.

हा काही मोठा पराक्रम नाही. प्रत्येकानं उद्याच असं करावं असंही सांगणार नाही. घरभाडं, नोकरी, गाईडची सही, परीक्षेचे मार्क कुणाच्या हातात आहेत ते आम्हाला माहीत आहे. बॅग कधी बाहेर काढायची ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण तुझी बॅग वाईट आहे म्हणून ती खाटेखाली आहे, असं मानू नको. खोली दुसऱ्याची आहे, म्हणून ती तिथं आहे.

तेव्हा ठरलं ते असं. दर रविवारी संध्याकाळी सहाला विहाराच्या ओट्यावर वाचन. कुठल्याही भाषेतलं, कुठल्याही देशातलं, रद्दीतलंसुद्धा चालेल. इंग्रजी अडलं तर मिळून अडू. ‘ब्लॅक बॉय’ पुढचं. त्यानंतर बागुल. त्यानंतर ‘कोसला’, न घाबरता. मुलींनी वेळ ठरवावी, परत सोडायला आम्ही येऊ, आणि आयांना पण बोलवा. पुढच्या अंकासाठी लेखन पाठवा. घोषणा नको, त्या आमच्याकडे भरपूर आहेत. तुमची खाटेखालची बॅग लिहून पाठवा. फीचा आकडा, खोटा पत्ता, अर्धं नाव. एक पान चालेल. व्याकरण आम्ही बघत नाही.

जुना कार्यकर्ता तिसऱ्या रविवारी परत आला. काही बोलला नाही. जाताना त्यानं ते फाटकं पुस्तक वाचायला मागून नेलं. अजून परत दिलेलं नाही.

आणि टिपणवाला दोस्त. लेख दिला तेव्हा म्हणाला होता, नाव छापू नका. आम्ही बरं म्हणालो. अंक छपाईला जायच्या आदल्या रात्री पाळी संपवून मी घरी आलो, तर हा दारात उभा. म्हणाला, छापा. पूर्ण छापा.

लेखाखाली बघा. आडनावासकट आहे.

जयभीम.